एकतीस तासांचा दिवस

सालमियातल्या हॉटेलच्या गालिच्यावर
फॉर्म पसरून बसले आहे, सहाशे अकरा.
एसीच्या वाऱ्याने कडा फडफडतात,
म्हणून वर ठेवलेत साबणाच्या वड्या,
चपला, खजुराचा डबा,
आणि माझंच एक पुस्तक, जाडजूड,
जे आज पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

तेवीस वर्षांपूर्वी, पहिली नोकरी.
साहेब म्हणाले, वाघचौरे,
दिवसाची बेरीज चोवीस यायलाच हवी.
बायकांच्या फॉर्मांत ती येत नसे.
भाकरी थापता थापता पोर पाजलं, तर तास एक की दोन?
एकीचा दिवस सव्वीस भरला, एकीचा एकोणतीस.
मी लाल पेनाने कापत गेले,
आधी पोर, मग सासूचे पाय चेपणं.
याला डेटा साफ करणं म्हणतात.
मी छान साफ करायचे. बढती मिळाली.

पुढे ब्याण्णव नंबरचा रकाना: 'फक्त घरकाम'.
त्या 'फक्त'वर मी डॉक्टरेट केली.
मग मनिला, नैरोबी, जिनिव्हा,
सगळीकडे तोच आलेख, रंग तेवढे वेगळे.
आई फोनवर विचारायची,
झालं का गं तुझं ते बायकांचं मोजून?

नागवेणी भेटली परवा, शुक्रवारी,
फरवानियात, पैसे पाठवायच्या दुकानाबाहेर.
मूळची रायचोटीची. तिथे तिचा नंबर ब्याण्णव.
विमानात बसली, इथे उतरली,
तीच भांडी, तीच फरशी,
आणि ती कामगार झाली, महिना ऐंशी दिनार.
मालकिणीला इथे मामा म्हणतात.
आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, मी सांगितलं, हसले.
ती हसली नाही.
मामाने पाच महिने काहीच दिलेलं नव्हतं.

म्हणाली, रमजानात तुम्ही माझा दिवस लिहून घेतलात.
कधी उठले, कधी निजले, किती दिशदाशांना इस्त्री.
तो कागद द्या.
कामगार कचेरीत पुरावा मागतात.

मी गोपनीयता समजावून सांगितली.
नावाची पट्टी आम्ही त्याच रात्री फाडून टाकतो,
तुमच्याच भल्यासाठी.
तिने ऐकून घेतलं, जशी आपण
दुसऱ्या कुणाच्या विमानाची घोषणा ऐकतो.
मग म्हणाली, नाव नको.
माझा दिवस मी ओळखेन.
एकतीस तासांचा होता. मोजून तुम्हीच म्हणालात, बाप रे.

म्हणाले असेन.
या वेळी मी काही कापलेलं नाही,
वयाबरोबर तेवढी अक्कल आली आहे.

रात्रीचे दोन. समुद्राकडच्या रस्त्यावर
पोरं गाड्या पळवताहेत.
एकतीस भरणारे दिवस
आतापर्यंत सापडले चव्वेचाळीस.
सगळ्यांत सहेरीचा स्वयंपाक,
म्हाताऱ्याचं डायपर, पाहुणे, पाहुण्यांची मुलं,
आणि मध्येच अर्धा तास, 'आपल्या मुलीशी फोन',
त्यापुढे मीच लिहिलेलं: 'भांडी घासताना'.
एकीच्या समासात माझं अक्षर,
'उभ्यानेच उत्तरं दिली. बस म्हटलं तरी बसली नाही.'
ही असेल का?
पुढच्या फॉर्मवरही तेच.
त्याच्या पुढच्यावर मी लिहायचं सोडून दिलंय.

शुक्रवारी चव्वेचाळीसही घेऊन जाईन.
ओळखू दे तिला तिचा.
नियमात बसत नाही हे.
न बसो.
पिशवी तेवढी शोधायला हवी, जरा मोठी,
बंद भक्कम असलेली.